शेवटच्या क्षणी मी त्यांच्याजवळ नव्हते, हे त्यांच्या मुलीला आता सांगावे का?

डिचोलीची परिचारिका (प्रश्न)

नमस्कार. मी १९ वर्षे परिचारिका म्हणून काम करते आहे. येत्या १२ मे रोजी, परिचारिका दिनी, नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थिनींपुढे महासाथीच्या काळातील मरणासन्न रुग्णांच्या शुश्रूषेविषयी मी तासभर बोलावे, असे मला सांगण्यात आले आहे. टिपणे काढायला बसले आणि पहिल्याच पानावर थांबले, कारण त्या मुलींना जे शिकवायचे, त्यातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट मी स्वतः एका रुग्णाच्या बाबतीत पाळलेली नाही. हे आजवर मी घरातही कोणाला सांगितलेले नाही.

मे २०२१ चा दुसरा आठवडा गोव्यात कोणी विसरलेले नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठापुढे प्राणवायूच्या पुरवठ्याविषयी त्याच दिवसांत सुनावणी चालू होती, आणि रात्री दोन ते सकाळी सहा हे तास रुग्णांना कसे जात होते, हे तेव्हा वर्तमानपत्रांतून सर्वांनी वाचले आहे. मी ज्या रुग्णालयात होते त्याचे नाव येथे नको. त्या रात्री आम्ही दोघी परिचारिका आणि एक अटेंडंट मिळून २८ रुग्ण सांभाळत होतो. अंगभर झाकणारे पीपीई किट एकदा चढवले की सहा तास पाणी प्यायचे नाही आणि स्वच्छतागृहात जायचे नाही. चष्म्यावर वाफ धरली की रुग्णाची शीर डोळ्यांनी दिसत नसे, दोन हातमोज्यांतून बोटाने चाचपून शोधावी लागे.

त्या वॉर्डात सत्तरी तालुक्यातल्या एका गावचे ७१ वर्षांचे आजोबा बायपॅपवर, म्हणजे घट्ट मास्कमधून दाबाने हवा देणाऱ्या यंत्रावर, होते. मास्कमुळे त्यांचे बोलणे तुटक झाले होते. त्यांची मुलगी रोज संध्याकाळी फोन करी आणि मी माझा फोन प्लास्टिकच्या पिशवीत घालून त्यांच्या कानाशी धरत असे. त्या संध्याकाळी तिने मला विचारले, ‘सिस्टर, बाबांचे काही बरेवाईट झाले तर तुम्ही त्यांच्याजवळ असाल ना?’ मी हो म्हटले.

पहाटे साडेतीनच्या सुमारास प्राणवायूचा दाब उतरू लागला. अशा वेळी जम्बो सिलिंडर ट्रॉलीवरून ओढत आणून, पान्याने जोडून, फ्लोमीटर बसवून एकेका खाटेला द्यावा लागतो. मी चार खाटा पलीकडे एका तरुण बाईचा सिलिंडर जोडत होते. जोडून वळले तेव्हा आजोबांचा मास्क अर्धा सरकला होता आणि मॉनिटरवर रेषा सरळ झाली होती. एक हात खाटेच्या कठड्याबाहेर लोंबत होता. तो हात मी उचलून छातीवर ठेवला, डोळे मिटवले, आणि डॉक्टरांना बोलावून पुढच्या खाटेकडे गेले.

पाच वाजता मुलीचा फोन आला. तिने पहिला प्रश्न तोच विचारला. मी म्हटले, ‘होय बाय, मी जवळच होते, हात धरला होता, शांतपणे गेले.’

गेल्या महिन्यात एका जत्रेत ती मला भेटली. तिने माझा चेहरा कधीच पाहिला नव्हता. मी प्रसादाच्या रांगेत कोणाशी तरी बोलत होते आणि त्या आवाजावरून तिने मला ओळखले. माझे दोन्ही हात धरून ती म्हणाली, ‘तुम्ही जवळ होता, एवढ्या एकाच गोष्टीवर आमच्या आईने पुढचे दिवस काढले.’ मला उत्तर सुचले नाही. तिने फोन नंबर दिला आहे.

मी तिला आता खरे सांगावे का? आणि ज्यांना असे फोन पुढे कधीतरी घ्यावे लागतील, त्या विद्यार्थिनींना मी काय सांगावे? या क्षेत्रातल्यांनी, आणि ज्यांची माणसे त्या काळात गेली त्यांनीही, मोकळेपणाने लिहावे, ही विनंती.

निवृत्त मेट्रन, फोंडा

बाई, तुम्ही लिहिलेत हे फार बरे केलेत. मी ३४ वर्षे सेवा करून २०२१ च्या अखेरीस निवृत्त झाले, आणि तुमच्यासारखा एक तरी फोन ज्यांच्या मनात अडकलेला नाही अशा त्या वेळच्या परिचारिका मला फारशा भेटलेल्या नाहीत.

माझे मत स्पष्ट आहे. तिला सांगू नका. दहा तास उभे राहिल्यावर पहाटे पाच वाजता तुमच्या तोंडून जे निघाले, ते स्वतःला वाचवण्यासाठी निघाले नव्हते. आज तुम्ही सांगितलेत तर तुमचा भार उतरेल आणि तो तिच्यावर व तिच्या आईवर जाऊन पडेल. रुग्णाच्या बाबतीत आपण पुष्कळ गोष्टी पोटात ठेवतो. ही त्यांपैकीच एक आहे, असे मी मानते. शिवाय तुम्ही कामात कसूर केली नव्हती. ज्या बाईचा श्वास अजून वाचवता येण्याजोगा होता, तिच्याकडे तुम्ही होता. अतिदक्षता विभागात कृत्रिम श्वासावरच्या एका रुग्णामागे एक परिचारिका असावी, हा निकष आपण सर्वांनी पाठ केला आहे. त्या रात्री तुमच्यापुढे २८ खाटा होत्या.

विद्यार्थिनींच्या बाबतीत मात्र एक गोष्ट आवर्जून सांगा, कारण तिचे मला आजही वाईट वाटते. कोविडमुळे मृत झालेल्यांच्या देहाची व्यवस्था कशी करावी, याच्या मार्गदर्शक सूचना केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने १५ मार्च २०२० रोजीच काढल्या होत्या. देहाला स्पर्श करणे, आंघोळ घालणे, मिठी मारणे किंवा चुंबन घेणे यांना त्यांत मनाई होती. पण कर्मचाऱ्यांनी आवश्यक काळजी घेऊन पिशवीची चेहऱ्याकडची चेन उघडावी आणि नातेवाइकांना शेवटचे दर्शन घेऊ द्यावे, याला परवानगी होती. धर्मग्रंथातला पाठ, पवित्र पाणी शिंपडणे, स्पर्शाविना होणारे इतर विधी, यांनाही हरकत नव्हती. रक्षेपासून धोका नाही आणि अस्थी गोळा करता येतील, असेही त्यांत लिहिले होते. हे सर्व कागदावर होते. भीती इतकी होती की अनेक ठिकाणी ते कोणी वाचलेच नाही, आणि चेन उघडायची नाही असा नियमच आहे, अशी सर्वांची समजूत झाली. साथीत पहिल्या आठवड्यात निघालेला कागद परिचारिकेने स्वतः वाचावा, दुसऱ्याच्या तोंडून ऐकू नये, एवढे त्या मुलींच्या मनावर बिंबवा.

आणखी एक. आमच्या वॉर्डात एका ज्येष्ठ सिस्टरने औषधाच्या रिकाम्या बाटलीत गंगाजल, एका पुडीत तुळशीची पाने आणि एका डबीत पाद्रींनी दिलेले पवित्र पाणी ठेवले होते. मुसलमान रुग्णांसाठी कलमा तिने देवनागरीत लिहून घेतला होता. कोणाला काय हवे ते ती रुग्ण बोलू शकत असतानाच विचारून घेई. याला दोन मिनिटे लागतात, आणि ती दोन मिनिटे आम्हाला बहुतेक वेळा मिळत असत. तुम्हाला त्या रात्री मिळाली नाहीत, ही निराळी गोष्ट.

पेडण्याचा एक मुलगा

मी परिचारिका नाही. माझी आई ऑगस्ट २०२० मध्ये गेली, म्हणून लिहितो. मेट्रनबाईंविषयी पूर्ण आदर ठेवून सांगतो की त्यांचे पहिले म्हणणे मला पटत नाही.

त्या वर्षी चतुर्थी २२ ऑगस्टला होती. आईला त्याच्या तीन दिवस आधी दाखल केले आणि चतुर्थीनंतर चौथ्या दिवशी ती गेली. मला फोनवरून सांगण्यात आले, ‘शांतपणे गेल्या.’ आदल्या दिवशी मी फोनवर तिचा श्वास ऐकला होता. तो श्वास ज्याने ऐकला आहे त्याला शांतपणे हा शब्द सांगून उपयोग नसतो. मला राग आला नाही, पण त्या एका शब्दामुळे पुढे जे जे सांगितले गेले त्यातल्या कशावरच माझा विश्वास बसेना. ताप कधी वाढला, डॉक्टर कधी आले, तिला पाणी मिळाले की नाही, सगळेच मला शब्दांची सारवासारव वाटू लागली. मेट्रनबाई लिहितात त्या सूचनांविषयी मला आज पहिल्यांदा कळते आहे. आम्हाला आईचा चेहरा दाखवला नाही. स्मशानात किट घातलेल्या चार माणसांनी पिशवी उचलली, आणि आतमध्ये आईच आहे हे मी त्यांच्या सांगण्यावरून मान्य केले.

बाराव्यानंतर दोन दिवसांनी एका अनोळखी नंबरवरून फोन आला. त्या वॉर्डातल्या सिस्टर होत्या. स्वतःच्या विलगीकरणाचे दिवस संपवून त्यांनी फोन केला होता. त्या म्हणाल्या, ‘मी तुमच्या आईच्या शेवटच्या क्षणी नव्हते, माझी ड्युटी संपली होती. पण चतुर्थीच्या दिवशी सकाळी त्यांनी मला दोनदा विचारले की माटोळीला, म्हणजे गणपतीच्या वर फळाफुलांनी बांधतात त्या चौकटीला, सुपारीचा घड कोणी आणला. मी म्हटले, मुलाने आणला असेल. मग त्या दोन घोट चहा प्यायल्या.’

त्या वर्षी आमच्याकडे माटोळी बांधली नव्हती, गणपतीला फक्त एक नारळ टांगला होता. तरीही त्या एका वाक्याने मला आई परत दिली, असे मी म्हणेन. माटोळीची काळजी करणारी बाई म्हणजे माझी आईच होती, हे मला ओळखता आले. ‘मी शेवटी नव्हते’ असे त्यांनी आधी प्रामाणिकपणे सांगितले, म्हणूनच पुढचे वाक्य मला खरे वाटले.

तेव्हा डिचोलीच्या बाई, तुमच्याजवळही असे काही असेल. नीट आठवून पाहा. त्या मुलीने तुमच्या शब्दावर आईला जगवले हे खरे आहे, परंतु तिच्या वडिलांची अशी एखादी ओळखीची खूण तिला अजून मिळालेली नाही.

परिहार सेवेतील परिचारिका, सासष्टी

मी घरोघरी जाऊन असाध्य आजाराच्या रुग्णांची शुश्रूषा करते. लोटलीला शांती अवेदना सदनाची शाखा असल्यामुळे या कामाची ओळख आमच्या भागात बऱ्याच जणांना आहे. त्या संस्थेचे पहिले केंद्र १९८६ मध्ये मुंबईत वांद्र्याला सुरू झाले, आणि असाध्य आजाराच्या रुग्णांची शेवटपर्यंत शुश्रूषा करणारे भारतातील ते पहिले केंद्र मानले जाते. या अनुभवावरून थोडे सविस्तर लिहिते.

आधी आजोबांविषयी. फुप्फुसे इतकी निकामी झालेली असताना मास्क सरकला किंवा दाब उतरला की मेंदूला मिळणारा प्राणवायू झपाट्याने घटतो आणि शुद्ध लवकर हरपते. आपण एकटे आहोत हे कळण्याइतका वेळ त्यांना मिळाला नसावा, अशी शक्यता मोठी आहे. याची हमी मी देऊ शकत नाही आणि तुम्हीही ती त्यांच्या मुलीला देऊ नका. दुसरे असे की घरात दहा माणसे भोवती असतानाही कोणी चहा ठेवायला उठते आणि तेवढ्यात रुग्ण जातो, असे आम्ही पुनःपुन्हा पाहतो. नेमका शेवटचा श्वास पाहिला म्हणजेच सोबत केली, असे मानले तर सोबत करणारे फार थोडे उरतील. तुम्ही दररोज संध्याकाळी त्यांच्या कानाशी फोन धरत होता. कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२० मध्ये मेंदूच्या विद्युत्‌लहरी नोंदवून असे दाखवले की प्रतिसाद न देणाऱ्या मरणासन्न रुग्णांपैकी काहींचा मेंदू त्या अवस्थेतही आवाजाची दखल घेत असतो. ऐकलेले त्यांना समजते की नाही, हे त्यावरून ठरत नाही. पण कानाशी धरलेला फोन वाया गेला असे मानायचे कारण राहत नाही.

आता मुलीला सांगण्याविषयी. मेट्रनबाई आणि पेडण्याचे दादा दोघेही तिच्या वतीने ठरवत आहेत, आणि माझ्या मते ठरवण्याचा अधिकार तिचा आहे. आमच्या कामात पहिला धडाच हा असतो की सांगण्यापूर्वी विचारावे. ‘तुमच्या बाबांच्या शेवटच्या रात्रीविषयी माझ्याजवळ आणखी काही आहे, ऐकायचे आहे का, आणि आज ऐकायचे आहे का?’ एवढेच विचारा आणि थांबा. काही जण नको म्हणतात, काही जण एक वर्षाने फोन करतात, काही जण लगेच खुर्ची ओढून बसतात. ती नको म्हणाली तर मेट्रनबाईंचा सल्ला पाळा. ती हो म्हणाली तर घडले तसे सांगा; सिलिंडर, चार खाटा, आणि तुम्ही उचलून छातीवर ठेवलेला हात, हे सगळे. हात धरला होता हे तुमचे वाक्य वेळेच्या हिशेबाने खोटे आहे, पण तो हात तुमच्याच हातात होता हेही तिला कळू द्या.

विद्यार्थिनींसाठी मी शरीराच्या खुणांपासून सुरुवात करीन, कारण फोनवर काय बोलावे हे त्यांवर अवलंबून असते. हातपाय गार पडतात, गुडघ्यांवर आणि तळव्यांवर जांभळट जाळी उमटते, लघवी कमी होते, श्वास वाढत जाऊन थांबतो आणि पुन्हा सुरू होतो, घशात घरघर येते. या खुणा दिसल्या की नातेवाइकांना तेव्हाच फोन करावा, प्राण गेल्यावर नव्हे. कोविडमध्ये यात एक भयंकर भर पडली, ती गुदमरल्यामुळे होणारी तगमग; रुग्ण मास्क ओढून काढतो आणि आपण त्याला दरडावतो. श्वास लागण्याची ती भावना मॉर्फिनच्या अल्प मात्रेने कमी होते. मॉर्फिनसारखी औषधे रुग्णापर्यंत पोहोचणे सोपे व्हावे म्हणून अमली पदार्थांच्या १९८५ च्या कायद्यात २०१४ मध्ये दुरुस्तीही झाली, तरी सर्वसाधारण वॉर्डात ते मागायला परिचारिका आजही कचरतात. औषध लिहून देण्याचे काम डॉक्टरांचे आहे, पण ‘या रुग्णाला श्वासाचा त्रास सहन होत नाही’ असे स्पष्ट शब्दांत डॉक्टरांना सांगणे आणि ते केस पेपरवर लिहिणे आपल्याच हातात असते.

कोणाला फोन करायचा, किती उपचार हवेत, हे रुग्ण बोलता असतानाच विचारावे, याविषयी मी मेट्रनबाईंशी पूर्ण सहमत आहे. आपल्या राज्यात २०२४ मध्ये उच्च न्यायालयाच्या एका विद्यमान न्यायमूर्तींनी स्वतःचे वैद्यकीय इच्छापत्र, म्हणजे पुढे बोलता आले नाही तर कोणते उपचार हवेत किंवा नकोत हे आधीच लिहिलेला कागद, नोंदवून याची सुरुवात करून दिली. वॉर्डातल्या आजोबांकडे असा कागद नसतो, पण ‘आजोबा, घरी कोणाशी बोलायचे आहे?’ या प्रश्नाला कागद लागत नाही.

नवी परिचारिका, म्हापसा

मी २०२२ मध्ये कामाला लागले, त्यामुळे ते दिवस वॉर्डात पाहिलेले नाहीत. एका मुद्द्यावर ज्येष्ठांचे मत हवे आहे. २०२१ मध्ये ब्राझीलमधल्या एका परिचारिकेने हातमोज्यांत कोमट पाणी भरून ते रुग्णाच्या हाताभोवती बांधल्याचे छायाचित्र सर्वत्र फिरले आणि आम्हाला वर्गात ते मायेचे उदाहरण म्हणून दाखवण्यात आले. मला ते पाहून बरे वाटले नाही. एखाद्या मुलीने वेळ नसताना जे सुचेल ते केले, याबद्दल तिचे कौतुकच आहे. पण एका हाताची जागा पाण्याने भरलेल्या मोज्याला घ्यावी लागली, तर हात कमी का पडले, हेही शिक्षकांनी विचारायला हवे होते. त्यापेक्षा इबोलाच्या साथीत लायबेरियात झालेला प्रयोग मला अधिक पटतो. कर्मचाऱ्यांनी किटच्या छातीवर आपले हसरे छायाचित्र चिकटवले होते, आणि २०२० मध्ये अमेरिकेत ते पुन्हा केले गेले. डिचोलीच्या बाईंना त्या मुलीने आवाजावरून ओळखले, हे वाचल्यावर तर मला वाटले की आजोबांनीही बाईंना फक्त आवाजानेच ओळखले असेल.

डिचोलीची परिचारिका

सर्वांचे मनापासून आभार. उत्तर द्यायला आठ दिवस लागले.

पेडण्याच्या दादांचे लिहिणे वाचले त्या रात्री मला झोप आली नाही, आणि पहाटे आठवले. त्या संध्याकाळी, मुलीचा फोन झाल्यावर, मी मास्कची पट्टी सैल करून आजोबांचे ओठ ओल्या कापसाने पुसत होते तेव्हा त्यांनी मला विचारले होते, ‘कुळागर शिंपलें?’ म्हणजे सुपारीच्या बागेला पाणी दिले का? मला वाटले की त्यांना भ्रम होतो आहे, म्हणून मी ‘होय आजोबा, शिंपले’ म्हटले आणि पट्टी परत आवळली. तेव्हा वैशाख नुकताच लागत होता; पावसाळा अजून तीन आठवडे लांब होता आणि पाण्याची पाळी चुकली तर सुपारीची झाडे माना टाकतात. तो भ्रम नव्हता. हे मी चार्टवर लिहिले नाही, पाळी बदलताना पुढच्या सिस्टरला सांगितले नाही, मुलीला तर नाहीच.

काल मी तिला फोन केला. सासष्टीच्या ताईंनी लिहिले तसेच विचारले. ती बराच वेळ काही बोलली नाही. मी म्हटले, ‘नको असेल तर सांगणार नाही.’ मग तिने विचारले, ‘त्यात बाबांना त्रास झाला असे काही आहे का?’ मी म्हटले, ‘मी तुला पहाटे जे सांगितले तसे सगळे घडले नव्हते. पण त्यांनी शेवटी काय विचारले ते मला ठाऊक आहे.’ ती म्हणाली, ‘फोनवर नको, रविवारी घरी या, आई पण असेल.’

मेट्रनबाई, मी तुमचा सल्ला मोडते आहे याची मला जाणीव आहे, आणि आईसमोर किती बोलावे हे तेथे गेल्यावर मुलीला बाजूला घेऊन विचारीन. आधी कुळागराचे सांगीन. उरलेले तिने विचारले तर सांगीन. मार्च २०२० च्या सूचना मी मिळवून वाचल्या आहेत आणि विद्यार्थिनींना त्यांची प्रत देणार आहे. शरीराच्या खुणा आणि डॉक्टरांना सांगायचे ते वाक्य यांवर अर्धा तास ठेवला आहे. टिपणांचे पहिले पान मात्र अजून कोरे आहे. ते रविवारनंतर लिहीन.